बारा अंकी संख्येची कुंडली: ४००६०१४००६०१ घेऊन पहिल्यापासून

माझ्या लेकीला नववीत गणिताच्या उपक्रमासाठी एका ओळीचा विषय मिळाला: ‘किमान दहा अंकी एक पूर्ण संख्या घ्या आणि तिचे गुणधर्म लिहा.’ वाचायला सोपं. करायला आम्हाला बारा दिवस लागले आणि त्यातले पहिले पाच पाण्यात गेले. मी काही गणिताची शिक्षिका नाही. ठाण्याला नौपाड्यात राहते, बेलापूरला एका ऑफिसात हिशेब बघते. पण आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त गणित शिक्षक राहतात, ज्यांना सगळी बिल्डिंग ‘सर’ म्हणते. त्यांनी दोनदा चहा घेता घेता जे सांगितलं, त्यावर हे सगळं उभं आहे. तुमच्या घरी असाच विषय येऊन पडला असेल तर क्रमाने करा, आमच्यासारखे भरकटू नका.

आधी हे जमवा

- बारा अंक दाखवणारा साधा कॅल्क्युलेटर, वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसला. मुलांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा दहाच अंक दाखवतो आणि पुढचे गिळतो.
- चौकटीची वही. अंकाखाली अंक आला नाही तर बारा अंकी बेरीज चुकणारच.
- ६४० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. ती छापील घेऊ नका, इराटोस्थेनिसच्या चाळणीने मुलालाच करू द्या. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ आणि २३ यांच्या पटी खोडल्या की काम संपतं, कारण पुढच्या २९ चा वर्ग ८४१ होतो. शेवटी ११५ संख्या उरायला हव्यात. कमी-जास्त उरल्या तर चाळणीत चूक आहे, पुढे जाऊ नका.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन अजिबात नको.

१. संख्या निवडा. खरी गोम इथेच आहे

आम्ही पहिल्यांदा तिच्या बाबांचा मोबाइल नंबर घेतला. दोन चुका एकदम. एक म्हणजे ही वही वर्गात फिरते, कधी भिंतीवर लागते. मोबाइल नंबर, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक यातलं काहीही उपक्रमात लिहायचं नाही. आधार बारा अंकी असल्यामुळे मुलांना तो फार आवडतो, तेव्हा आधीच बजावून ठेवा.

दुसरी चूक गणिताची. नऊने सुरू होणाऱ्या दहा अंकी संख्येचं वर्गमूळ नव्वद हजारांच्या पुढे जातं. ती मूळ आहे की नाही हे हाताने ठरवायचं तर आठ हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. आम्ही पाच दिवसांत चारशेपर्यंत पोचलो होतो आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

सर म्हणाले, “संख्या मोठी घ्या, पण तिची शिवण दिसली पाहिजे.” म्हणजे ती कशी जोडली आहे हे उघड दिसावं. त्यांचा उपाय असा: आपल्या गावाचा सहा अंकी पिनकोड घ्या आणि तोच दोनदा लिहा. ठाण्याचा ४००६०१ घेतला की झाली ४००६०१४००६०१. कोणाचं काही उघड होत नाही, आणि संख्या बारा अंकी असूनही हाताच्या आवाक्यात राहते.

हौसेने तीनदा लिहू नका. अठरा अंक झाले की संगणकावरचा तक्ता पंधरा अंकांपुढे शून्यं भरतो आणि शेवटचे ६०१ चक्क ००० होतात. बारा अंकांनाही तो ४.००६०१ई+११ असं काहीतरी दाखवतो. तेव्हा घाबरू नका, रकान्याचा प्रकार बदलून ‘संख्या’ करा.

२. संख्या मोठ्याने वाचा आणि दोन प्रकारे स्वल्पविराम द्या

आपल्या पद्धतीने ४०,०६०,१४,००,६०१ असं लिहाल तर चूक. कोटींच्या वरही दोन-दोनचेच गट: ४,००,६०,१४,००,६०१. वाचायची चाळीस हजार साठ कोटी चौदा लाख सहाशे एक.

याच्याखाली तीच संख्या तीन-तीनच्या गटांत लिहा: ४००|६०१|४००|६०१. पुढच्या काही कसोट्यांना हे तीनचे गट लागतात. आम्ही आपल्या स्वल्पविरामांवरच त्या लावल्या आणि उत्तर भलतंच आलं.

३. भागायला बसण्याआधी शिवण उसवा

सहा अंक दोनदा लिहिणं म्हणजे ती संख्या दहा लाखांनी गुणून तीच पुन्हा मिळवणं. म्हणून

४००६०१४००६०१ = ४००६०१ × १०००००१

बारा अंकी प्रश्नाचे एका ओळीत सहा-सात अंकी दोन प्रश्न झाले. सरळ भागत बसलो असतो तर ६ लाख ३२ हजारांपर्यंतच्या, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. आता ११५ पुरतात.

४. छोट्या कसोट्या

शेवटी १ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ आणि ९ बाद.

७, ११ आणि १३ साठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीनचे गट एकाआड एक अधिक-उणे करा: ६०१ − ४०० + ६०१ − ४०० = ४०२. आता ४०२ ला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ६, १३ ने १२. तिन्ही बाद.

इथे एक सापळा आहे आणि हुशार मुलंच त्यात पडतात. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली, उदाहरणार्थ ३५२३५२, तर तिला ७, ११, १३ ने भाग जातोच, हे बऱ्याच मुलांना माहीत असतं. लेकीने तोच नियम सहा अंकांना लावून ‘७ ने भाग जातो’ असं पेनने लिहून टाकलं. तीन अंकांना १००१ लागू होतो. सहा अंकांना १०००००१, आणि त्याला या तिघांपैकी कोणीच भागत नाही.

आता गंमत. उजवीकडून दोन-दोनचे गट घ्या आणि एकाआड एक अधिक-उणे करा: ०१ − ०६ + ४० − ०१ + ०६ − ४० = ०. ही १०१ ची कसोटी, आणि उत्तर शून्य. पहिला अवयव सापडला. पिनकोड कोणताही असो, दोनदा लिहिला की हे शून्यच येणार, कारण १०००००१ = १०१ × ९९०१.

९९०१ चं वर्गमूळ शंभराच्या आत आहे. शंभराखालच्या २५ मूळ संख्यांनी भागून बघा, एकानेही भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. अर्ध्या तासाचं काम.

५. ११५ भागाकार: कंटाळा इथेच येतो

राहिला ४००६०१. त्याचं वर्गमूळ ६३२.९ च्या आसपास, म्हणजे ६३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या. हे मी ठाणे–पनवेल लोकलमध्ये केलं. जाताना पंधरा, येताना पंधरा. ऐरोलीपर्यंत जागा मिळाली तर बसून, नाहीतर तुर्भ्यापर्यंत उभ्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. चार दिवसांत संपलं.

प्रत्येक भागाकाराची बाकी लिहा. नुसतं ‘भाग जात नाही’ लिहू नका. आम्ही पहिले तीस तसेच लिहिले होते आणि सरांनी ते परत करायला लावले. तेव्हा राग आला होता, पण कारण पुढे कळलं.

१७९ ने भागलं तर बाकी १७८. ३७३ ने भागलं तर बाकी ३७२. म्हणजे दोघांनाही फक्त १ कमी पडला. मग ४००६०२ ला दोघांनीही भाग जाणार! आणि ४००६०२ हा तर आमचा, नौपाड्याचा पिन. तो सम आहे, अंकांची बेरीज १२ आहे, म्हणून

४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३

तसंच ७, १५१ आणि ३७९ यांना प्रत्येकी २ कमी पडत होते. म्हणून कोपरीचा ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. स्वतःच्या संख्येसाठी केलेल्या कष्टात शेजारी फुकटात सुटले. लेकीने हे पान रंगीत पेन्सिलींनी सजवलं आणि उपक्रमात सगळ्यांना तेच आवडलं.

४००६०१ ला मात्र ११५ पैकी एकानेही भाग जात नाही. ठाण्याचा पिनकोड मूळ संख्या आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकखेरीज ठाणेकरांना मिरवायला ही आणखी एक गोष्ट.

६. अवयव मिळाले की पुढचं पटापट होतं

४००६०१४००६०१ = १०१ × ९९०१ × ४००६०१

तिन्ही मूळ, तिन्ही एकेकदाच. विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करा: २ × २ × २ = ८. घातांकांचाच गुणाकार करून ‘१ विभाजक’ असं उत्तर काढणारी मुलं असतात, हसू नका.

आठही विभाजक लिहून काढा: १, १०१, ९९०१, ४००६०१, १०००००१, ४०४६०७०१, ३९६६३५०५०१ आणि स्वतः ती संख्या. स्वतःला सोडून बाकी सातांची बेरीज ४००८२२१८०७ येते. आपल्या बारा अंकी संख्येच्या मानाने ही जेमतेम एक टक्का. विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी पडली की तिला न्यून संख्या म्हणतात, बरोबर आली तर परिपूर्ण (६ आणि २८ सारखी), जास्त आली तर विपुल.

पडताळा हवाच. सगळ्या आठांची बेरीज १०२ × ९९०२ × ४००६०२ या गुणाकाराएवढी, म्हणजे ४०४६०९६२२४०८ यायला हवी. आमच्याकडे पहिल्यांदा आली नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली होती. अंकांच्या बेरजेवरून करतात तो नवाचा ताळा अशी अदलाबदल पकडत नाही, त्यावर विसंबू नका.

वहीत जागा असेल तर ऑयलरचं फाय फलही लिहा: या संख्येहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा किती संख्या आहेत? १०० × ९९०० × ४००६०० = ३९६५९४००००००. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार, एवढंच.

७. दोन वर्गांची बेरीज

या पायरीला पूर्ण रविवार द्या.

४ ने भागून बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. फर्माने १६४० मध्ये मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात हे आहे, सिद्धता पुढच्या शतकात ऑयलरने दिली. आपले तिन्ही अवयव ०१ ने संपतात, म्हणजे तिघांचीही बाकी १. तर वर्ग शोधा.

१०१ = १० चा वर्ग + १ चा वर्ग. ९९०१ = ९९ चा वर्ग + १० चा वर्ग. हे दोन तोंडी होतात.

४००६०१ साठी आंधळेपणाने ६३२ संख्या तपासू नका. वर्ग नेहमी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ ने संपतो. बेरजेच्या शेवटी १ हवा, तर जोड्या दोनच: ०+१ किंवा ५+६. म्हणजे दोनपैकी एक संख्या ५ च्या पटीतली असणार. उरल्या १२६. शिवाय ४००६०१ ला ३ ने भागून बाकी २ उरते, आणि वर्गाची बाकी ० किंवा १ च असते, म्हणून दोघींपैकी कोणीच ३ च्या पटीत नाही. उरल्या ८४. ५, १०, २०, २५, ३५ असं चालत गेलं की अठ्ठेचाळिसाव्या प्रयत्नाला:

४००६०१ − ३५५ चा वर्ग = ४००६०१ − १२६०२५ = २७४५७६ = ५२४ चा वर्ग

लेकीने कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दाबलं आणि ५२४ च्या पुढे दशांश चिन्हच आलं नाही, तेव्हा ती ओरडली ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. सापडलं म्हणून थांबू नका, उरलेल्या ३६ सुद्धा तपासा. दुसरी जोडी मिळत नाही. ३५५ आणि ५२४ सहमूळ आहेत आणि जोडी एकच आहे, यावरूनही ४००६०१ मूळ असल्याचं ठरतं. म्हणजे त्या ११५ भागाकारांची अगदी वेगळ्या वाटेने झालेली तपासणी.

आता मोठ्या संख्येकडे. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. एका बेरजेतल्या संख्या अ, ब आणि दुसरीतल्या क, ड असतील तर नवी जोडी अक − बड आणि बक + अड. हे सूत्र ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जातं. १०००००१ = १००० चा वर्ग + १ चा वर्ग, हे समोरच आहे. म्हणून

३५५००० − ५२४ = ३५४४७६ आणि ५२४००० + ३५५ = ५२४३५५

यांच्या वर्गांची बेरीज करा: १२५६५३२३४५७६ + २७४९४८१६६०२५ = ४००६०१४००६०१. चिन्हं उलटी केली की दुसरी जोडी: ३५५५२४ आणि ५२३६४५. शिवाय १०००००१ हा ९८० चा वर्ग + १९९ चा वर्ग असाही लिहिता येतो. त्यातून आणखी दोन जोड्या येतात: २४३६२४ आणि ५८४१६५, तसंच ४५२१७६ आणि ४४२८७५. एकूण चार, पाचवी नाही.

तुमची संख्या इथे अडली तर ती तुमची चूक असेलच असं नाही. माझ्या ऑफिसचा, सीबीडी बेलापूरचा पिन ४००६१४ घ्या. तो २ × ३ × २३ × २९०३ आहे. यातले ३, २३ आणि २९०३ यांना ४ ने भागून ३ उरतात आणि ते एकेकदाच येतात, म्हणून ४००६१४४००६१४ ही दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. पण ६ च्या पटीत असल्यामुळे ती विपुल आहे, विभाजक तब्बल ६४. आठ विभाजकांवर भागवणारं ठाणे आणि चौसष्टवालं बेलापूर.

‘हा गुणधर्म नाही, आणि का नाही’ हेही वहीत लिहावं. बहुतेक मुलं फक्त जमलेलं लिहितात.

८. कापरेकरांचं पान ठेवाच

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. त्यांचं शालेय शिक्षण ठाण्यात झालं, पुढे निवृत्तीपर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. अंकांशी खेळण्यातला हा आपल्याच गावातून गेलेला माणूस, त्याला वगळून ठाण्याच्या संख्येची वही कशी पुरी होणार?

त्यांच्या दोन कसोट्या लावा. पहिली हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा. आपली बेरीज २२, संख्या विषम, म्हणून नाही.

दुसरी स्वयंभू संख्या: कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. आपली स्वयंभू आहे का? मागे जाऊन शोधा. ४००६०१४००५७२ घ्या, अंकांची बेरीज २९, मिळवा: ४००६०१४००६०१. जनक सापडला, म्हणून स्वयंभू नाही. हा जनक अंदाजाने शोधू नका. शेवटचे तीन अंक ५, अ, ब धरले तर ११अ + २ब = ८१ असं समीकरण येतं आणि त्याचं एकअंकी उत्तर एकच, अ = ७, ब = २. नुसत्या ४००६०१ चा जनक ४००५८२ आहे, तो मुलांना स्वतः काढू द्या.

६१७४ हा कापरेकरांचा स्थिरांक सगळ्यांना माहीत असतो म्हणून तो इथे घुसडू नका. तो चार अंकी संख्यांचा आहे, आपल्या बारा अंकीशी त्याचा संबंध नाही.

९. संगणक सगळ्यात शेवटी

हाताने झाल्यावर पायथॉन या संगणकाच्या भाषेत ताडून बघायला हरकत नाही. बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह वापरा. भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत तर उत्तर दशांशात येतं आणि फार मोठ्या संख्यांत शेवटचे अंक बिघडतात, दोन तिरक्या रेघा द्या. तयार उत्तर देणारी संकेतस्थळं खूप आहेत, पण तिथून उतरवलेलं एका प्रश्नात उघडं पडतं.

तो प्रश्न आम्हालाही आलाच. लेकीला विचारलं, “९९०१ मूळ आहे हे कशावरून?” तिने पंचवीस बाक्यांचं पान उघडून पुढे केलं. त्यावर पुढचा प्रश्न: “मग १ भागिले ९९०१ किती?” तो मात्र आमच्या वहीत नव्हता. तुम्ही लिहून ठेवा: ०.०००१००९९९८९९, आणि हेच बारा अंक पुन्हा पुन्हा.